रंगीत कागदावर दोन-तीन रंगांत जलरंग: माझं सगळं खडूसारखं का होतंय?

धक्क्यावरचा
१० जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी चित्रकार वगैरे नाही, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली तेवढीच, नंतर वीसेक वर्षं ब्रशला हात लावला नाही आणि गेल्या दिवाळीपासून परत चालू केलंय. राहायला वेंगुर्ल्यात, त्यामुळे विषयाला तोटा नाही, सकाळी बंदरावर जाऊन बसलं की धक्का, होड्या, टेकडीवरचं लाइटहाऊस, कधी रापणीचं जाळं ओढणारी माणसं, सगळं फुकट समोर उभं.

तर झालं असं की मे महिन्यात कोल्हापूरला गेलो होतो तिथे एका दुकानात टिंटेड कागद दिसले. एक ओट्सच्या रंगाचा म्हणतात तसा फिकट बदामी, एक राखाडी, आणि एक एकदम गडद निळा, जवळजवळ नेव्ही ब्लू. घेऊन आलो. मनात होतं की पांढऱ्या कागदाची भीती वाटते ती तरी जाईल, आणि रंग पण दोन-तीनच घ्यायचे म्हणजे गोंधळ कमी. अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढरा, बस.

पाच चित्रं केली आणि पाचही वाया. आकाश केलं, निळ्यात पांढरा मिसळून पूर्ण वरची बाजू भरली, ओलं असताना झकास दिसतं आणि वाळलं की गायब, कागदाचा बदामी रंग खालून वर येतो. मग परत एक हात, मग परत. शेवटी भिंतीला चुना मारल्यासारखं झालं. त्यावर होडीची सावली टाकायला गेलो तर खालचा पांढरा उठून सावलीत मिसळला आणि दुधाळ चिखल. गडद निळ्यावर तर काही दिसतच नाही, सिएना मारला काय न मारला काय. वर हा पाऊस, एक हात वाळायला अर्धा तास, तेवढ्यात लाइट जाते.

माझं कुठे चुकतंय, कागद चुकीचा की रंग की मीच? आणि पांढरा कुठला वापरू, माझ्याकडे मुलीचा पोस्टर कलरचा पांढरा आहे तोच वापरतोय. कोणी रंगीत कागदावर काम करतं का इथे?

पागोळी
१० जुलै, रात्री ११.१५

दादा, तुम्ही आकाश रंगवलंत हीच चूक. म्हणजे चेष्टा नाही करत, खरंच. बदामी कागद घेतला तेव्हा आकाशाचे पैसे दुकानात भरून झाले होते, ते परत कशाला रंगवायचं.

मी रत्नागिरीची, लहान मुलांचे क्लास घेते, आणि रंगीत कागदाचं वेड मला आठ-दहा वर्षं आहे, त्यात पहिली दोन वर्षं मी पण चुनाच मारत होते. पांढऱ्या कागदावर आपल्याला एकाच दिशेला जायचं असतं, पांढऱ्याकडून काळ्याकडे. रंगीत कागदावर आपण जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे असतो. खाली जायला पारदर्शक जलरंग, वर जायला पांढरा, आणि मधली पायरी म्हणजे कागद, तिला हात लावायचा नाही. तुम्ही मधली पायरीच रंगानं झाकली, मग साधा कागद आणि हा कागद यात फरक काय उरला? माझ्या बऱ्या जमलेल्या चित्रांत अर्ध्याहून जास्त कागद उघडा असतो.

सकाळी बंदरावर डोळे बारीक करून बघा. ओली वाळू, ढगाळ आकाश आणि शांत पाणी यांचा उजेड जवळजवळ एकच असतो, नाही का? ते सगळं कागद. मग होड्यांच्या सावलीची बाजू, धक्क्याखालचा अंधार, माडांची रांग, माणसं, हे अल्ट्रामरीन आणि सिएना मिसळून पारदर्शक. पहिल्यांदा हेच करा आणि थांबा, चहा प्या. अर्धं चित्र झालेलं असतं. मग अगदी शेवटी पांढरा, तो पण जिथे डोळ्याला खरंच टोचतं तिथेच, लाटेची कड, होडीच्या काठावरची एक रेघ, कुणाच्या तरी बनियनची पाठ. मी मुलांना सांगते पांढरा मिठासारखा वापरा, तुम्ही भातासारखा वाढलाय.

दुसरं म्हणजे घट्टपणा. पांढरा सोलकढीइतका पातळ केला तर वाळल्यावर जाणारच, त्यात पाणीच जास्त. जिथे खरा उजेड हवा तिथे दह्यासारखा घट्ट घ्यायचा, एकदा ठेवायचा आणि परत तिथे फिरकायचं नाही. वाळल्यावर तो थोडा उतरतो, तेव्हा ओल्यात अंमळ जास्त वाटला तरी चालेल. आणि त्यावर सावली टाकायची नाही कधी, वाळलेला पांढरा पाणी लागलं की परत विरघळतो, तुमचा दुधाळ चिखल तिथूनच आला. गडद आधी, पांढरा शेवटी, एवढं पाळलं तर निम्मा त्रास संपला.

नेव्ही ब्लू कागद बाजूला ठेवा. पारदर्शक रंग कागदापेक्षा गडदच करू शकतो, तो कागद आधीच तळाशी बसलाय, त्याला अजून खाली कुठे नेणार? नवा कागद आणला की कोपऱ्यात तुमचा सगळ्यात गडद रंग आणि सगळ्यात घट्ट पांढरा शेजारी शेजारी लावून बघायचा, कागद दोघांच्या मध्ये बसला तर घ्यायचा.

बापू_जुन्या_बॅचचे
११ जुलै, सकाळी ७.०५

सकाळी सकाळी वाचलं आणि राहवलं नाही. पांढरा वापरला की ते जलरंग उरतच नाही असं आम्हाला शिकवलं होतं. आमच्या सरांनी पेटीतली पांढरी ट्यूबच काढून घेतलेली पहिल्या दिवशी. कागदाचा पांढरा तोच पांढरा, तो राखायचा, यातच खरी परीक्षा. सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर, त्यांचं ते हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, अर्धे लोक समजतात रविवर्म्याचं तेलरंगातलं, आणि आहे ते जलरंगात. बोटांच्या फटीतून येणारा तो लालसर उजेड बघा एकदा. जलरंगाची ताकद ती. पांढरा थापून कोणीही उजेड दाखवेल.

आधी साध्या पांढऱ्या कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, नीट बसू दे, मग हे शौक, असं माझं स्पष्ट मत. राग मानू नये.

तिसऱ्या
११ जुलै, दुपारी १.३०

बापू, राग नाही पण भांडतो थोडा. पांढरा पाप हे एका घराण्याचं मत झालं, जलरंगाचा सगळा इतिहास तसा नाही. इंग्रज चित्रकार टर्नर पांढऱ्या कागदावर पारदर्शक काम करण्यात बाप माणूस, पण त्यानंच १८२७ मध्ये पेटवर्थच्या वाड्यात मुक्काम असताना निळ्या कागदावर जलरंग आणि अपारदर्शक रंग मिसळून शंभरावर लहान चित्रं केली, खोल्या, मैफिली, सूर्यास्त. तिथे निळा कागद सावली बनून बसलाय आणि उजेड वरून ठेवलाय. आणि विन्सर अँड न्यूटन या रंग कंपनीनं १८३४ मध्ये चायनीज व्हाइट बाजारात आणला तो झिंकचा पांढरा, खास जलरंगवाल्यांसाठी, कारण त्याआधीचा शिशाचा पांढरा हवेतल्या गंधकानं काळा पडायचा. लोक वापरत नव्हते तर आणला कशाला?

हळदणकरांच्या चित्राबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

धक्क्यावरचा, आता तुमचा पांढरा. पोस्टर कलरनं काम चालतं पण स्वस्तातला वाळून पावडर होतो, बोट लावलं की निघतो, खडूसारखं दिसण्यात त्याचाही हात असणार. टायटॅनियम व्हाइटची गोवाशची (म्हणजे अपारदर्शक जलरंगाची) एक ट्यूब घ्या, तो झाकतो चांगला. चायनीज व्हाइट त्यामानानं अर्धपारदर्शक, झाकायला कमकुवत, पण त्याची एक गंमत आहे जी मला टायटॅनियमपेक्षा प्यारी.

सकाळी कोणाच्या तरी परसातून चुलीचा धूर वर जाताना बघितलाय? मागे माडा-फणसाची गर्द झाडी असते तोवर तो धूर निळा दिसतो, आणि तोच धूर झाडांच्या वर गेला, मागे उजळ आभाळ आलं की पिवळट तपकिरी. धूर तोच. पातळ पांढऱ्याचं तसंच होतं, गडद रंगावरून पातळ फिरवला की निळसर थंड दिसतो. म्हणून निळा रंग न वापरता सुद्धा धुकं करता येतं, आधी डोंगर सिएना-अल्ट्रामरीनमध्ये गडद करायचा, पूर्ण वाळू द्यायचा (पूर्ण म्हणजे पूर्ण, हाताच्या मागच्या बाजूनं गार लागत असेल तर वाळला नाही), मग पायथ्याशी एकाच हातानं पातळ चायनीज व्हाइट ओढायचा आणि सोडून द्यायचा. दुसरा हात फिरवला की खालचं उठलं, मग पागोळीताई म्हणतात तो चिखल. आणि याच कारणानं ऊन दाखवायला नुसता पांढरा ठेवला तर ते ऊन आजारी दिसतं, त्यात ऑकरचा एक कण तरी टाका.

बावीकाठचो
११ जुलै, संध्याकाळी ६.२०

रे झिला, तू रंगाक दोष देतंस पण आधी कागद बघ. मे महिन्यात आणलंस, जुलैत काढलंस, मधी ठेवलेलंस खंय? बाकी मराठीत लिवतंय, नायतर पागोळीताई म्हणतली काय लिवलंय ता समाजलाच नाय.

मी कुडाळला, फ्रेमिंगचं दुकान, तीस वर्षं लोकांचे कुजलेले कागद बघतोय. जलरंगाच्या कागदाला सायझिंग असतं, जिलेटिन नाहीतर तसलं काहीतरी, त्यामुळे रंग कागदावर थोडा वेळ तरंगतो, लगेच पोटात जात नाही. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात जांभ्याच्या भिंतीला टेकून कपाटात ठेवलेला कागद असेल तर ते सायझिंग जागोजागी मरतं, बुरशी खाते. वरून कागद ठीक दिसतो, आणि वॉश मारला की ठिपके ठिपके गडद उठतात, टीपकागदावर शाई पडावी तसे. रंगीत कागदावर हे आधी अजिबात कळत नाही. तेव्हा तुझं आकाश तीन वेळा गायब झालं त्यात कागद रंग पिऊन टाकत होता हेही असू शकतं. कोपऱ्यावर साध्या पाण्याचा थेंब ठेव. थेंब फुगून बसला तर कागद जिवंत, लगेच शोषला गेला तर गेला.

गेला तरी फेकू नये. लिटरभर कोमट पाण्यात पंधरा-वीस ग्रॅम खायचं जिलेटिन विरघळवायचं, रुंद ब्रशनं एक हात, सपाट वाळवायचं. नवीनसारखा नाही होत पण कामाला येतो. उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, तोंड चिकटवून, भिंतीपासून लांब, आडवे. डांबरगोळ्या ओल शोषत नाहीत, लोक उगाच ठेवतात.

आणि कागद कितीचा आहे? पेस्टलवाले रंगीत कागद, कॅन्सन मी-तँत वगैरे, ते १६० जीएसएमचे (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे पातळ), पाणी लागलं की पापडासारखे वर येतात, मग रंग खळग्यात साचतो. त्याला भिजवून बोर्डावर गमटेपनं (पाणी लावून चिकटवायची कागदी पट्टी) ताणून घ्यावंच लागतं, आणि पावसाळ्यात ताणलेला कागद वाळायला एक दिवस धर. बॉकिंगफोर्डचा टिंटेड येतो तो ३०० जीएसएम, जलरंगासाठीच बनवलेला, राखाडी, निळा, क्रीम, ओटमील असे फिकट रंग असतात त्यात. महाग आहे, पण पाच स्वस्त कागद वाया घालवण्यापेक्षा.

धक्क्यावरचा
१३ जुलै, रात्री १०.०५

बापरे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. आभारी आहे सगळ्यांचा.

बावीकाठचो काका, थेंबाची टेस्ट केली. बदामी कागद वरच्या अर्ध्या भागात थेंब पितो, खालच्या अर्ध्यात ठीक! कपाटात उभा ठेवला होता आणि वरची बाजू भिंतीला लागलेली. राखाडी शाबूत आहे. कागदावर जीएसएम लिहिलेलं नाही पण पातळच आहे, पापड होतोच.

काल राखाडीवर केलं. पागोळीताई सांगतात तसं आकाशाला हात नाही, पाण्याला हात नाही, फक्त दोन होड्या, धक्का आणि मागचा डोंगर. आणि काय सांगू, गडद भाग टाकल्याबरोबर मोकळ्या कागदाचं पाणीच झालं, मी काही न करता. बायको मागून आली म्हणाली हे संपलं का, मी म्हटलं नाही अजून, तर म्हणाली संपलंय, ठेव. नाही ठेवलं. पांढरा लावत बसलो आणि लाटा जरा जास्तच झाल्या. पण चुना नाही झाला हे खरं.

आता पुढची अडचण, हिरवा. बाहेर बघा काय हिरवं झालंय, डोळे फुटतील असं, आणि माझ्याकडे अल्ट्रामरीन आणि ऑकर, त्यातून निघतो तो शेवाळलेल्या कौलासारखा मळका हिरवा. कोकणात राहून जुलैत हिरवा नाही म्हणजे मीठ नसलेली आमटी. चौथा रंग घेऊ का, सॅप ग्रीन वगैरे?

आणि रंगीत कागद घरी करता येतो का? आमच्या शेजारी एक जण म्हणतो चहाच्या पाण्यात बुडव.

पागोळी
१३ जुलै, रात्री ११.५०

वहिनींना माझा नमस्कार सांगा, पुढच्या वेळी त्यांनी संपलंय म्हटलं की ब्रश धुवायला घ्या.

सॅप ग्रीन अजिबात नको. तो आणलात की सगळं चित्र त्याच्याभोवती फिरायला लागेल. कमी रंगांत काम करताना रंग किती खरा आहे यापेक्षा शेजारच्याच्या मानानं कसा दिसतो याला किंमत. एक प्रयोग करा. बदामी कागदाच्या चांगल्या अर्ध्यावर आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा मिसळून साधा राखाडी ठिपका ठेवा आणि त्याच्या शेजारी जाड बर्न्ट सिएना. राखाडी निळा दिसेल, चक्क निळा, कोणाला सांगितलं यात निळा नाही तर पटणार नाही. आता त्याच काळ्यात ऑकर मिसळा, ऑलिव्हसारखा हिरवा मिळतो. पांढऱ्या कागदावर तो मळका, पण तांबूस कागदावर, बाजूला जांभ्याचा गडगा सिएनामध्ये असेल तर तोच हिरवा ओला गर्द दिसतो. लालसर शेजार असला की हिरव्याला जोर चढतो, म्हणूनच तर पावसात जांभ्याची वाट आणि दोन्ही बाजूंचं गवत एवढं भडक वाटतं आपल्याला.

म्हणजे तुमच्या हिरव्यासाठी राखाडी नाही, बदामी किंवा विटकरीकडे झुकणारा कागद हवा. मी तर पावसाळी विषयाला अल्ट्रामरीन काढून काळा घेते, ऑकर, सिएना, काळा, पांढरा. बाहेरचा हिरवा कागदावर हुबेहूब उतरवायचा नाद सोडला त्या दिवशी मला झोप लागायला लागली.

तिसऱ्या
१४ जुलै, सकाळी ८.४०

ताईंनी सांगितलं त्यात भर. शेजारच्या रंगानं रंग बदलतो यावर पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेतल्या रंगखात्याच्या प्रमुखानं, शेव्रल त्याचं नाव, १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. सुरुवात तक्रारीतून झाली, विणकर म्हणायचे तुमचा काळा धागा फिका आहे. यानं तपासलं तर काळ्यात काही खोट नव्हती, शेजारी जे निळे-जांभळे धागे होते त्यामुळे तो फिका दिसत होता. तुमच्या मळक्या हिरव्याची केस तीच.

घरच्या टिंटबद्दल: चहा नको. दिसतो सुंदर, पण उन्हानं रंग उतरतो आणि टॅनिन कागदाला आतून खातं. मी हौसेनं एकदा कोकमाचं आगळ लावलेलं. काय रंग आला म्हणून सांगू, सूर्यास्त नुसता. आगळात मीठ असतं हे डोक्यातच आलं नाही, मीठ ओल खेचतं, तो कागद श्रावण संपेपर्यंत वाळला नाही, आणि दिवाळीत वाळला तेव्हा रंग विटून गेलेला. खैराचा काथ पण करून बघितला, चिपळूणकडे मिळतो म्हणून आणला, तपकिरी छान येतो पण तोही टॅनिनच.

टिकाऊ करायचं तर साधा ३०० जीएसएमचा चांगला कागद घ्या आणि ॲक्रिलिक रंग, रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि चिमूटभर ऑकर, चहाइतका पातळ करून रुंद ब्रशनं एकच हात. ॲक्रिलिक वाळला की पाण्यानं उठत नाही, त्यावर जलरंग निवांत चालतात. घट्ट लावू नका, नाहीतर वर प्लास्टिकचा थर बसून रंग घरंगळतो. जलरंगानंच टिंट केला तर मातीचे रंग वरच्या हाताबरोबर उठतात. विकतचा रंगीत कागद असो नाहीतर घरचा, एक पट्टी अर्धी पुठ्ठ्यानं झाकून खिडकीत उन्हात महिना दोन महिने ठेवायची, हे पाऊस गेल्यावर, म्हणजे कळतं रंग पळतो की राहतो.

बापू_जुन्या_बॅचचे
१४ जुलै, दुपारी ३.१५

ॲक्रिलिक, गोवाश, पोस्टर, सगळं झालं, आता फक्त डिस्टेंपर राहिला.

असो. काळा-ऑकर हिरव्याचं मात्र करून बघितलं आत्ता, जुन्या मी-तँतचा एक तुकडा पडला होता त्यावर. बरं दिसतं. पांढरा नाही लावला.

बावीकाठचो
१४ जुलै, रात्री ८.३०

बापूंनी एवढं कबूल केलं म्हणजे पाऊस चांगला पडणार.

दोन रंगांत काम करायची एवढी चर्चा चाललीय तर आपल्याकडची कावी बघितली का कोणी? गोव्यात आणि तळकोकणात जुन्या देवळांच्या भिंतींवर असते. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा, म्हणजे काव, तिचा थर देतात, घोटतात, आणि ओला आहे तोवर अणकुचीदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. सगळं मिळून रंग दोन, लाल आणि पांढरा, आणि वेली, हत्ती, देव काय हवं ते. तुम्ही पांढरा वर ठेवताय, तिथे पांढरा खाली दडवलेला असतो. धाडस तिथे जास्त, खरवडलं ते परत भरता येत नाही. पिंगुळीला चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) जुनी पानं पण बघून ये, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांच्या म्युझियममध्ये, वेंगुर्ल्याहून लांब नाही. जुनाट तपकिरी कागद, मातकट लाल, काळा, आणि कागद किती मोकळा सोडलाय ते बघ.

आणि ट्यूबवर पैसे कशाला, तुझा सिएना दारात पडलाय. जांभ्याची बारीक लाल माती घे, वस्त्रगाळ कर, पाण्यात ढवळ. वाळू दोन-चार सेकंदात खाली बसते, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घे. असं दोनदा. मग रात्रभर बसू दे, वरचं नितळ पाणी टाक, खालचा गाळ वाळव. तो काचेवर बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोट, थेंबभर मध टाक म्हणजे वाळून तडकणार नाही. लोखंडाची माती आहे, उन्हानं उडत नाही. दाणा ट्यूबइतका बारीक होत नाही, कागदावर थोडा खरखरीत बसतो, पण धक्क्याच्या चिऱ्याला तोच बरा.

धक्क्यावरचा
२ ऑगस्ट, रात्री ९.२०

उशीर झाला, मध्ये घरात पाहुणे.

माती गाळली. पहिल्यांदा वाळूसकट घोटली, ब्रशची वाट लागली, दुसऱ्यांदा जमली. रंग बर्न्ट सिएनापेक्षा जरा केशरीकडे आहे. घरी टिंट केलेल्या कागदावर (ॲक्रिलिक, चहाइतका पातळ, पहिला कागद घट्ट झाला तो मुलीला दिला) डच वखारीची पडकी भिंत केली, त्यावर उगवलेली झाडं काळा-ऑकरमध्ये. आकाश मोकळं. पांढरा फक्त दोन ठिकाणी, एक भिंतीच्या भगदाडातून येणारा उजेड आणि एक बगळा. बगळा खरं तर नव्हता तिथे. बायकोनं संपलंय म्हटलं तेव्हा थांबलो, बगळा त्याआधीच झाला होता.

हिरवा खरंच हिरवा दिसतोय. खोलीत दुसरीकडे ठेवून लांबून बघितला तरी दिसतोय.

एक चुकलं, भगदाडातला उजेड नुसत्या पांढऱ्यानं केला, तिसऱ्या यांनी बजावलेलं तरी ऑकर टाकायला विसरलो, आता तिथे ट्यूबलाइट लागल्यासारखं वाटतंय. त्यावर पातळ ऑकर फिरवू का, की उठेल सगळं?

तिसऱ्या
२ ऑगस्ट, रात्री ९.५५

उठेल. ओल्या ब्रशनं हळूच तेवढा पांढरा पाण्यात उचलून टिशूनं टिपा, जितका निघेल तितका, वाळू दे रात्रभर, आणि उद्या ऑकर मिसळून घट्ट एकदाच ठेवा. थोडी कड उरेल खाली, भिंतीच्या खडबडीत खपून जाईल.

पागोळी
२ ऑगस्ट, रात्री १०.१०

बगळा राहू दे. बरोबर जागी उतरला असणार.

बावीकाठचो
२ ऑगस्ट, रात्री १०.४०

फ्रेम करूक आणशीत तर काचेक चित्र चिकटता नये, मधी माउंट घालतलंय, पावसात काचेक लागला तर बुरशी पयली थंय येता.

आणि रे, तो गडद निळो कागद टाकू नको. येताना घेऊन ये, माका दी. कोजागिरीक चांदण्यातली रापण करूची हा, नुसत्या पांढऱ्यान. बापूंका सांगा नको.